डॅडींच्या पिस्तुलाची कडी

हॅझेल फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
९ जानेवारी १९६१

वेंडेल,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही, तेव्हा नुसतं नाव गोड मानून घे.

डॅडींना मातीत ठेवून आलो त्या दुपारी अर्धा डोंगर आपल्या घरी जेवायला आला होता. मी हॅम कापत होते, घेवड्याचं पातेलं गरम करत होते, ज्या बायकांची नावंही मला आठवत नव्हती त्यांच्या गळ्यात पडत होते. तू म्हणालास, “कोट घेऊन येतो,” आणि मागच्या खोलीत गेलास. कोट तुझ्या अंगावरच होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तुझी गाडी ओहायोच्या रस्त्याला लागल्यावर, जेव्हा मी डॅडींच्या टेबलाचा खण उघडला आणि आत तेलकट फडकं तेवढं राहिलेलं पाहिलं.

ते पिस्तूल डॅडी १९१८ च्या लढाईवरून घेऊन आले तेव्हा हलवलं की खुळखुळायचं, हे तूच लहानपणी सगळ्यांना सांगायचास. ते खुळखुळं डॅडींनी हिवाळ्यामागून हिवाळे त्या टेबलावर बसून सुटं केलं, घासलं, जुळवलं आणि पुन्हा बांधलं. मग त्यांचे हात थरथरायला लागले. तेव्हापासून कानस माझ्या हातात होती आणि डोळे त्यांचे. तू कुठे होतास? डेटनच्या कारखान्यात फ्रिजची दारं बसवत होतास. मी तक्रार करत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण ज्याने त्या पिस्तुलाचा एक स्क्रू कधी पुसला नाही त्याने ते कोटाखाली लपवून न्यावं, याला आमच्याकडे चोरी म्हणतात.

परत आणून दे.

ओपल

•

डेटन, ओहायो
२० जानेवारी १९६१

ओपल,

तुझं पत्र मर्लीनने आधी वाचलं, बायकोचा हक्क म्हणून. ती म्हणाली, तुझी बहीण पत्र लिहिते की फटके देते?

चोरी कसली? डॅडींनी मला सांगितलं होतं. मागच्या शरद ऋतूत मी आलो होतो तेव्हा ओसरीवर बसून, त्यांच्या तोंडाने. तू कोंबड्यांना दाणे घालत होतीस. मी त्या दिवशी तुझ्यासमोर मागितलं असतं तर हॅम कापायची सुरी माझ्या पोटात गेली असती, म्हणून गुपचूप उचललं. आणि मी मोठा मुलगा आहे, हेही तुला अधूनमधून आठवलं तर बरं. बापाचं पिस्तूल मुलाकडे जातं. तू त्याचं काय करणार होतीस, कोल्हे मारणार होतीस?

बाकी एक विचारायचं होतं. आमच्या तळघरात वाळूचं खोकं लावून मी ते चालवून पाहिलं. डॅडी हात लांब करून उभे राहिले की गोळ्या एकमेकींच्या अंगावर बसायच्या. माझ्या गोळ्या अख्ख्या कागदावर गावभर हिंडतात. माझा हात एवढाही वाईट नाही. पिस्तुलाला काही झालंय का? तुला माहीत असेल तर सांग, उगाच फुगून बसू नकोस.

वेंडेल

•

हॅझेल फोर्क
२८ जानेवारी १९६१

वेंडेल,

तुझं पत्र वाचून डॅडी गेल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. कोंबड्यासुद्धा दचकल्या.

तू पिस्तूल नेलंस, त्याचा नेम इथेच आहे. नळीच्या तोंडाशी जी कडी असते, बांगडीएवढीही नाही, ती डॅडींनी आणि मी त्या एका नळीसाठी घासून बसवली होती. दुसऱ्या कुठल्या पिस्तुलात ती जाणार नाही आणि त्या पिस्तुलाला दुसरी कुठली चालणार नाही. नेमबाजीची मॅच संपली की डॅडी ती कडी काढून तपकिरीच्या डबीत ठेवायचे, तिच्या जागी सैन्यातली जुनी ढिली कडी लावायचे आणि मग पिस्तूल खणात ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, चोर आला तर त्याला लोखंड नेऊ दे. हे तुला माहीत नव्हतं, कारण मॅच संपल्यावर तू कधी थांबलाच नाहीस.

डबी माझ्या एप्रनच्या खिशात आहे. मी ती रोज हलवून बघते.

तुझ्या ओसरीच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. डॅडींना मुलगा आठवायचा तो फक्त तुझं ख्रिसमसचं कार्ड उशिरा आलं की. पिस्तूल आण, मी कडी बसवते आणि दोन्ही खणात ठेवते. नाही आणलंस तर फ्रिजची दारं बसव. ती तुला जमतात.

ओपल

•

डेटन
१ मार्च १९६१

ओपल,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर शिव्या लिहिल्या असत्या.

मी पिस्तूल आणणार नाही. कडी तुझ्याकडेच राहू दे, तिच्याबरोबर म्हातारी हो. मी दुसरी करतो. तळघरात टेबलाला लोखंड धरायचा शिकंजा ठोकलाय, कानशी आणल्यात, आमच्या फोरमनने बारीक घासायचा दगड दिलाय. मी आयुष्यभर यंत्रं जुळवलीत, एक पिस्तूल काय मला भारी आहे? फक्त कुठून सुरुवात करायची ते सांग. परवा उघडायला गेलो तर स्प्रिंग निसटून छताला लागली आणि मर्लीनला वाटलं गोळी सुटली. आमची पोरगी नेल्डा तर हसून हसून पायरीवर बसली. चाप पण जड आहे, ओढताना नेम हलतो.

मे महिन्यात थडग्यांच्या रविवारी, थडगी साफ करून फुलं वाहायला, आम्ही सगळे येतोय. दुपारी क्लबची मॅच आहे ना नेहमीसारखी? मी नाव घातलंय. क्लबवाले आधी हसले, मग कुरकुरले, पण हॉबर्ट स्कॅग्जचं पिस्तूल म्हटल्यावर गप्प बसले. त्या दिवशी सगळं खोरं बघेल. तूही बघशील. बघितलंस की तुझं तोंड बंद होईल, यावर मी पैज लावतो.

सांगणार का? डॅडींसाठी तरी सांग.

वेंडेल

•

हॅझेल फोर्क
८ मार्च १९६१

प्रिय क्लोव्हिसकाका,

फ्लोरिडाच्या हवेत तुमचा खोकला कमी झाला असेल. इथे अजून बर्फ आहे. डॅडींच्या टेबलावर मी अजून कपडा टाकलेला नाही.

तुम्ही डॅडींच्या शेजारी उभं राहून इतक्या मॅच खेळलात, म्हणून तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कुणाला हे कळणार नाही. वेंडेल ते पिस्तूल घेऊन मे महिन्यात क्लबच्या मॅचला उभा राहणार आहे. डॅडींच्या जागी. खोऱ्यासमोर. आणि ते कसं जुळवायचं हे त्याने मलाच विचारलंय. डॅडींसाठी सांग, म्हणतो. माझ्या अंगाची आग झाली, काका. घरभर येरझाऱ्या घालत फिरले.

मग मी ठरवलं, शिकवायचं. स्प्रिंग कशी धरायची, कडी कशी घासायची, सगळं खरं खरं शिकवते, म्हणजे त्याला संशय येणार नाही. फक्त पिस्तुलाच्या घोड्याच्या पोटातल्या त्या दोन दात्यांबद्दल खोटं सांगते. तुम्हाला आठवत असेल, मी नवीन असताना एकदा त्या दात्यांना कानस लावली आणि डॅडींनी माझ्या बोटांवर लाकडी पट्टी मारली होती. आयुष्यात तेवढीच एकदा. म्हणाले होते, तिथलं लोखंड गेलं की पिस्तूल तुझं ऐकत नाही, त्याला वाटेल तेव्हा सुटतं.

मॅचमध्ये ते त्याच्या हातात आपोआप सुटेल. पंच त्याला सगळ्यांसमोर रेषेवरून हाकलतील. डॅडींचं पिस्तूल बिघडवणारा म्हणून त्याला खोऱ्यात कुणी ओसरीवर बसू देणार नाही. पायाचा अंगठा उडाला तर तोही उडू दे. त्याहून जास्त झालं तर मी रडेन असं आज तरी वाटत नाही.

हे लिहून मला बरं वाटलं. तुम्ही हे पत्र चुलीत टाका.

तुमची,
ओपल

•

हॅझेल फोर्क
८ मार्च १९६१

वेंडेल,

ठीक आहे. डॅडींसाठी. माझा राग माझ्यापाशी, त्यांचं नाव सगळ्यांचं.

आधी आतली गोळी काढ, मग नळीत बोट घालून पुन्हा बघ. डॅडी दोनदा बघायचे आणि मला तिसऱ्यांदा बघायला लावायचे. पांढरा टॉवेल पसर आणि जो भाग जसा निघेल तसा डावीकडून ओळीने ठेव. बांधताना उलटं चालत यायचं, म्हणजे चुकत नाही. स्प्रिंग अंगठ्याखाली घट्ट दाब आणि तोंड दुसरीकडे कर. आता छत वाचेल.

नवी कडी थोडी मोठीच मिळेल. तिला मेणबत्तीच्या धुरावर काळी कर, बसवून बघ, काढ. जिथे काजळी पुसली गेली तिथेच ती अडते. तिथेच घास आणि तेही कानशीने कुरवाळल्यासारखं. पुन्हा काळी कर. घाई करशील तर ढिली होईल आणि ढिलीला इलाज नाही. बसताना तिने अंगठ्याला जोर करायला लावला पाहिजे.

चापाचं म्हणशील तर आमच्या घरची खरी विद्या तीच आहे. चाप ओढला की जो पुढे आपटतो त्या घोड्याच्या पोटाशी दोन बारीक दाते दिसतील, ते चापाच्या खिटीत अडकतात. त्यांच्यामुळेच चाप जड लागतो. ते दगडावर घासत जा, चाप फुंकरीने हलेल इतका हलका होईपर्यंत. भिऊ नकोस. डॅडींच्या पिस्तुलाला लोक का घाबरायचे, ते तुला तेव्हा कळेल.

हात तुझाही डॅडींचाच आहे. जमेल.

ओपल

•

पाम ग्रोव्ह, फ्लोरिडा
२२ मार्च १९६१

पोरी,

तुझं पत्र चुलीत टाकलं नाही. इथे चूल नाही, मुलीच्या घरी विजेची शेगडी आहे. फाडलं.

मी म्हातारा माणूस, मला चांगलं-वाईट शिकवता येत नाही. तुझ्या रागाला मी नावं ठेवत नाही, वेंडेलने केलं ते वाईटच. मी असतो तर त्याला ओसरीवरून खाली ढकललं असतं आणि मग त्याच्याबरोबर कॉफी प्यायलो असतो. पण दाते गेलेलं पिस्तूल ते कुणाच्या हातात आहे हे विचारत नाही. मॅचमध्येच सुटेल आणि खालीच सुटेल, हे तुला कुणी सांगितलं? ते त्याच्या घरात आहे. घरात माणसं आहेत.

हॉबर्टने तुला पट्टी मारली त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता. लाज वाटून त्याला जेवण गेलं नाही. पण म्हणाला, पुन्हा तसंच झालं तर पुन्हा मारेन.

आजच्या आज त्याला लिही. राग नंतर काढता येईल, तो कुठे पळून जात नाही.

क्लोव्हिस

•

डेटन
१४ एप्रिल १९६१

प्रिय ओपल,

बघ, मी ‘प्रिय’ लिहिलं. तुझं पत्र आल्यापासून मी रोज शिफ्टवरून आलो की तळघरात. काजळीने माझी नखं काळी, मर्लीनचे टॉवेल काळे, देवाघरी गेल्यावर डॅडी मला हाताच्या रंगावरून ओळखतील. तीन कड्या वाया गेल्या. चौथी बसली! अंगठ्याला जोर लागतो, अगदी तू म्हणालीस तसा. ती बसली तेव्हा मी त्या स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडलो, हे कुणाला सांगू नकोस. तू इतकी वर्षं तिथे काय करत होतीस, ते मला या वयात कळलं.

आता दाते घ्यायला बसलोय. येत्या आठवड्यात होतील. चाप अजून थोडा जड आहे आणि तो नेल्डाच्या बोटाला हलका हवा.

हो, नेल्डाच्या. मॅचमध्ये नाव तिचं आहे. तुला त्या दिवशीच कळू द्यायचं होतं, पण आता राहवत नाही. गेल्या वर्षी डॅडींनी तिला कुंपणावर डबे मांडून दिले होते, आठवतं? तेव्हा ते मला ओसरीवर म्हणाले, हे पिस्तूल पोरीसाठी घेऊन जा. मी म्हटलं, ओपल? ते म्हणाले, पिस्तूल इथे राहिलं तर ओपल त्याच्याबरोबर या खोलीत एकटी बसून राहील. पोरीकडे गेलं तर पोरीला शिकवायला ओपल बाहेर येईल.

हे मी तुला जानेवारीतच लिहिणार होतो. पण तू चोर म्हणालीस आणि मी म्हटलं, मरू दे, आता बघेल तेव्हा बघेल. मीही तुझाच भाऊ.

ती डबी घेऊन ये. माझी कडी चालेल, पण डॅडींची कडी तू तुझ्या हाताने तिला बसवून द्यावीस अशी माझी इच्छा आहे.

तुझा,
वेंडेल

•

तार
हॅझेल फोर्क, १८ एप्रिल १९६१

पिस्तुलात गोळी भरू नकोस. नेल्डाच्या हातात देऊ नकोस. घोडा काढून टाक. पत्र येतंय. ओपल.

•

हॅझेल फोर्क
१८ एप्रिल १९६१

वेंडेल,

पुराने फोनची तार पडली आहे, म्हणून पोस्टमास्तरच्या ट्रकमधून खाली जाऊन तार केली. ती तुला वेळेवर मिळाली असेल असं धरून लिहिते आहे. दुसरं काही धरून मला लिहिता येणार नाही.

मी तुला खोटं शिकवलं. कडीचं सगळं खरं, दात्यांचं खोटं. ते दाते झिजले की पिस्तूल आपोआप सुटतं. मला हे माहीत होतं. चुकून लिहिलं नाही, विसरून लिहिलं नाही. भर मॅचमध्ये तुझी फजिती व्हावी, तुला इजा झाली तरी चालेल, म्हणून लिहिलं. क्लोव्हिसकाकांनी मला मार्चमध्येच सांगितलं होतं, आजच्या आज कळव. मी त्यांचं पत्र वाचून घडी घातली आणि बटाटे लावायला गेले. राग अजून पुरा झाला नव्हता.

नेल्डाचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर लिहिलं नसतं. पण तू एकटाच असतास तर मी आजही गप्प बसले असते, हेही खरं आहे. ते लपवून तुला पत्र लिहायची माझी लायकी नाही.

एका ओळीचं उत्तर पाठव. नुसतं ‘सगळे बरे’ एवढंच लिही.

ओपल

•

डेटन
२५ एप्रिल १९६१

ओपल,

सगळे बरे. तू मागितलेली ओळ दिली. आता माझ्या ओळी वाच.

तुझी तार मंगळवारी दुपारी आली. दाते मी रविवारीच पुरे केले होते. रिकाम्या पिस्तुलात घोडा प्रत्येक वेळी थांबत होता. चाप फुंकरीने हलत होता आणि मी मनात म्हणत होतो, ओपल, शाबास. मंगळवारी सकाळी मी पहिल्यांदा गोळी भरली. वरचा भाग पुढे सरकवला आणि माझं बोट चापाजवळही नसताना ते सुटलं. नेल्डा धुण्याची टोपली घेऊन तळघराचा जिना उतरत होती. ज्या पायरीवर ती पाऊल टाकणार होती, त्या पायरीत गोळी गेली. लाकडाची ढलपी तिच्या पोटरीला लागली. टोपली खाली आली, चादरी माझ्या अंगावर आल्या, आणि त्या चादरींखाली मला काही दिसेना. त्या वेळात मी काय काय बघितलं ते तुला सांगणार नाही.

मला वाटलं, माझंच चुकलं. दुपारपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होतो की बहिणीने एवढं नीट शिकवलं आणि मी गाढव. मग तार आली. मग पत्र.

मर्लीनला शेरीफकडे जायचं होतं. मी नको म्हटलं. तुझी दया येऊन नव्हे. शेरीफ तुला काय करेल? दोन प्रश्न विचारेल आणि सोडून देईल. मला तेवढ्याने भागत नाही.

या पत्राबरोबर पार्सल आहे. पिस्तूल तुझं. तुला हवं होतं ना, घे. डबीतली कडी लाव, तेल दे, खणात ठेव. फक्त त्यात घोडा नाही. तो मी ठेवून घेतलाय. नवा कुठेही मिळतो, हवा तर मागव, पण हा माझा. थडग्यांच्या रविवारी मी तो घेऊन येणार आणि डॅडींच्या दगडावर फुलांच्या मधोमध ठेवणार. या वर्षी, पुढच्या वर्षी, मी जिवंत असेपर्यंत दर वर्षी. आपल्या खोऱ्यात दाते घासलेला घोडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तरी कुणी विचारलंच, तर मी म्हणेन, हे ओपलचं काम.

तू ये किंवा येऊ नकोस.

वेंडेल

•

हॅझेल फोर्क
१ जून १९६१

वेंडेल,

मी आले होते ते तू पाहिलंस. आपण बोललो नाही, म्हणून लिहिते.

तू म्हणालास तसंच केलंस. मी रात्रंदिवस बसून मेणात बुडवलेली कागदी फुलं केली होती, ती मांडली आणि तू त्यांच्या मधोमध घोडा ठेवलास. लोक आले. गवत काढलं, माती सारखी केली, टोप्या काढून दगडापाशी उभे राहिले. बघितलं सगळ्यांनी. कुणी एक शब्द विचारला नाही. नंतर झाडाखाली चादरी पसरल्या, तेव्हा माझ्या चिकनला आणि सफरचंदाच्या केकला कुणी हात लावला नाही. पाद्र्याच्या बायकोने एक तुकडा घेतला आणि ताटलीतच ठेवला. तुला जे हवं होतं ते पुरेपूर झालं. मला ते करता आलं असतं तर मीही असंच केलं असतं, म्हणून तुला बोल लावत नाही. माफीही मागत नाही. तू देणार नाहीस आणि तुझ्या जागी मीही दिली नसती.

तुम्ही सगळे मॅचला गेल्यावर मी पुन्हा वर गेले. नेल्डा तिथे होती. तिचं नाव तू मॅचमधून काढलंस हे मला तेव्हा कळलं. ती घोडा हातात घेऊन दात्यांवरून नख फिरवत होती. मला बघून तिने तो जागेवर ठेवला. मी जवळ गेले तशी ती एक पाऊल मागे सरली. एकच पाऊल, वेंडेल, पण डॅडींची पट्टी त्यापुढे काहीच नव्हती.

मी तपकिरीची डबी काढून तिच्यापुढे धरली. म्हटलं, ही तुझी आहे, आजोबांनी तुलाच दिली होती.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग म्हणाली, “नको, आत्या. माझे डॅडी त्या पायरीचं भोक कुणाला बुजवू देत नाहीत.”

आणि ती उतारावरून खाली निघून गेली.

कडी मी दगडावर ठेवून आले, तुझ्या घोड्याशेजारी. पुढच्या वर्षी येताना दोन्ही तिथेच असतील. मी उचलणार नाही.

ओपल